जहाजावरची बंद दारे माहितीपत्रकात दाखवा

प्रति,
महाराष्ट्रातून क्रूझ सहली नेणाऱ्या सर्व पर्यटन संस्थांचे चालक आणि विक्री विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या माहितीपत्रकांतली क्रूझची पाने एकमेकांसारखीच असतात. वरच्या डेकवरचा निळा तलाव, कडेला रिकाम्या आरामखुर्च्या, पलीकडे समुद्र, आणि खाली माणशी एक रक्कम. रकमेपुढे बारीक अक्षरांत 'पासून' हा शब्द. ही रक्कम बहुधा आतल्या, बिनखिडकीच्या कॅबिनची असते. फोटो मात्र जहाजाच्या अशा भागाचा असू शकतो, जिथले दार त्या कॅबिनच्या कार्डाने उघडतच नाही.

हे पत्र त्या दारांबद्दल आहे. कॅबिनची विक्री, ग्रुप बुकिंग आणि जहाजावरचा हॉटेल विभाग अशा तीन बाजूंनी आम्ही हा व्यवसाय जाणतो. आमची मागणी एकच आहे. जहाजावर कोणाला काय बंद आहे, आणि कोणाच्या सोयीसाठी कोणाला थांबावे लागते, हे पैसे घेण्याआधी मराठीत लिहून द्या.

महाग कॅबिनला आमचा विरोध नाही. पण जादा पैशांच्या सोयी दोन प्रकारच्या असतात आणि विकताना त्यांची सरमिसळ होते. चांगली गादी, मोठी बाल्कनी, सामान लावून देणारा बटलर, निराळ्या उपाहारगृहातले जेवण, हे एकाला मिळाल्याने दुसऱ्याचे काही जात नाही. किनाऱ्यावर नेणाऱ्या बोटीत आधी चढणे, थिएटरातल्या राखून ठेवलेल्या रांगा, लिफ्ट आधी बोलावून घेणारे कार्ड, सगळ्यांच्या डेकमधून वेगळा काढलेला तलाव, या सोयी मात्र उरलेल्यांच्या वाट्यातून निघतात. पहिल्या प्रकारच्या सोयी हव्या तेवढ्या विका. दुसऱ्या प्रकारच्या विकताना, ज्याच्या वाट्यातून त्या निघतात त्यालाही सांगा. तोही तुमचाच ग्राहक आहे, आणि पुष्कळदा त्याच बसमध्ये बसलेला असतो.

बोटीवरचे वर्ग काही आजचे नाहीत. मुंबईहून पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्या 'करंजा' आणि 'कंपाला' या बोटींवर कॅबिनवाले वेगळे आणि डेक-पॅसेंजर वेगळे असत. कोकणच्या बोटीलाही वरच्या आणि खालच्या डेकचे भाडे निराळे होते. तेव्हा वर्ग तिकीट काढतानाच कळत असे. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि महासागर ओलांडणाऱ्या बोटींचा धंदा आटत गेला. १९६६ मध्ये 'सनवर्ड' जहाजाने मायामीहून कॅरिबियनच्या सहली सुरू केल्या आणि तिथून आजचा क्रूझचा व्यवसाय वाढला. त्याची ओळखच 'एक वर्ग' ही होती. कॅबिन लहान असो वा मोठी, तिचे दार ओढून बाहेर पडले की तलाव, करमणूक आणि डेक सगळ्यांना सारखा. क्युनार्ड कंपनीने कॅबिनच्या दराप्रमाणे जेवणाची खोली ठरवण्याची जुनी पद्धत चालू ठेवली. 'क्वीन मेरी २' वर ती आजही आहे, पण तिथे ती बुकिंग करतानाच सांगतात.

२००८ मध्ये 'एमएससी फँटेशिया' जहाजावर 'यॉट क्लब' सुरू झाला. जहाजातच दुसरे लहान जहाज म्हणावे अशी ती रचना आहे. पुढच्या टोकाला वरचे डेक, तिथेच सूट म्हणजे ऐसपैस महागड्या कॅबिनी, वेगळे स्वागतकक्ष, वेगळे उपाहारगृह, वेगळा तलाव, आणि या सगळ्याला कार्डाचे दार. नॉर्वेजियन कंपनीचे 'द हेवन', सेलिब्रिटी कंपनीचे 'द रिट्रीट' आणि आपल्याकडच्या पर्यटकांना ठाऊक असलेल्या, सिंगापूरहून सुटणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'वरचे 'द पॅलेस' ही त्याच कुळातली नावे. रॉयल कॅरिबियनने सूटमध्येही तीन पायऱ्या केल्या, आणि सर्वांत वरच्या पायरीवर दिमतीला एक खास माणूस दिला. तुमच्या विक्री खिडकीवरच्या मुलांना ही नावे पाठ असतात. जहाजाच्या आराखड्यात त्यांची दारे नेमकी कुठे आहेत, हे मात्र सहसा माहीत नसते.

ते पाहणे अवघड नाही. प्रत्येक कंपनी डेकनिहाय आराखडा प्रसिद्ध करते. ज्या डेकवर सार्वजनिक तलाव आहे तो घ्या आणि त्याच डेकचा पुढचा किंवा मागचा भाग कोणत्या रंगात दाखवला आहे ते पाहा. मग वरचे दोन डेक पाहा. सूटधारकांची गच्ची, खासगी कबाना (तलावाकाठचे आडोसे), पैसे भरून मिळणारा शांत विभाग हे वजा केले की उरते ती तुमच्या बहुसंख्य प्रवाशांची मोकळी जागा.

याच ठिकाणी एक आकडा दिशाभूल करतो. जहाज किती ऐसपैस आहे हे सांगायला एकूण टनेजला प्रवासीसंख्येने भागतात. हे टनेज वजनाचे नाही, बंदिस्त जागेचे माप आहे. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी घेऊन निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'चे टनेज २,४८,६६३ आहे आणि कॅबिनमागे दोघे धरून प्रवासी ५,६१०. भागाकार ४४ च्या आसपास येतो आणि तो चांगला मानला जातो. पण त्याच जहाजात जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. मुलांच्या सुट्टीत तिसरा-चौथा पलंगही भरतो, आणि पूर्ण भरलेल्या जहाजाचा भागाकार ३३ च्याही खाली उतरतो. आपले लोक जातात ते मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे कुटुंबे बाहेर पडतात तेव्हाच. शिवाय या भागाकारात सूटवाल्यांची राखीव जागाही सगळ्यांच्या नावावर मोजलेली असते. हा आकडा छापायचा असेल तर हे दोन खुलासे त्याच्यासोबत छापा.

आता कॅबिन. सर्वांत जास्त तक्रारी 'गॅरंटी' या शब्दातून उद्भवतात. मराठी माणूस गॅरंटी म्हणजे हमखास असे समजतो. क्रूझच्या भाषेत गॅरंटी कॅबिन म्हणजे प्रकाराची हमी, नंबराची नाही. बाल्कनीचे पैसे भरले तर बाल्कनी मिळेल, पण कुठली ते कंपनी ठरवणार आणि अगदी शेवटी कळवणार. दर कमी असतो तो यामुळेच. परिणामी आजी-आजोबा सहाव्या डेकवर पुढे आणि मुलगा-सून अकराव्या डेकवर मागे असे होऊ शकते, आणि मोठ्या जहाजाची लांबी ३०० मीटरपेक्षा जास्त असते. ज्या कुटुंबाला शेजारी कॅबिन हव्यात त्याला गॅरंटी विकूच नका. नंबर हातात येईल असा दर घ्या, आणि तो का जास्त आहे ते समजावून सांगा.

नंबर घेताना पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ज्या डेकच्या वर आणि खाली दोन्हीकडे कॅबिनच आहेत तो डेक शांत. थेट तलावाखालच्या डेकवर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. थिएटर किंवा नाइट क्लबच्या वर मध्यरात्रीपर्यंत ठेका ऐकू येतो. अगदी पुढच्या खालच्या कॅबिनांत जहाज धक्क्याला लागताना त्याला आडवे सरकवणारे पाण्याखालचे पंखे घरघरतात, आणि जिथे नांगर टाकतात तिथे साखळीचा खडखडाट होतो. दोन कॅबिनमध्ये जोडणारे दार असेल तर शेजारचे बोलणे ऐकू येते. 'ओशन व्ह्यू'पुढे 'ऑब्स्ट्रक्टेड' लिहिले असेल तर खिडकीबाहेर बहुधा जीवनरक्षक बोट टांगलेली आहे, असे समजा.

आणि एक गोष्ट तुमची विक्रीची माणसे उलटी सांगतात. बोट लागणाऱ्या माणसाला 'वरची, चांगली' कॅबिन घ्यायला लावतात. लाटेवर जहाज पुढे-मागे डुलते तेव्हा मधला भाग सर्वांत कमी हलतो आणि टोके सर्वांत जास्त वर-खाली होतात. कडेवर कलंडताना उंचावरच्या माणसाला ते अधिक जाणवते. म्हणून खालच्या डेकवरची, मधोमध असलेली साधी कॅबिन ही बोट लागणाऱ्यासाठी जहाजावरची उत्तम जागा, आणि पुढच्या टोकाला सर्वांत वर असलेला महागडा सूट ही सर्वांत वाईट. ज्याला कोकणच्या बोटीचा अनुभव आहे त्या घरात हे वेगळे सांगावे लागत नसे. आज दुप्पट-तिप्पट पैसे घेऊन माणसाला नेमक्या त्याच टोकाला पाठवले जाते.

चौघांच्या कॅबिनबद्दल आणखी एक. कधी कधी कॅबिनमध्ये चार पलंग असूनही कंपनी चौथा प्रवासी घेत नाही आणि एजंट 'सिस्टीम घेत नाही' एवढेच सांगतो. कारण असे असते की जहाज विभागांत वाटलेले असते आणि प्रत्येक विभागाला ठरावीक जमण्याचे ठिकाण आणि जीवनरक्षक बोटी नेमून दिलेल्या असतात. त्या विभागाची संख्या भरली की पलंग रिकामा असला तरी माणूस घेता येत नाही. हे प्रवाशाच्या भल्याचे आहे. कारण सांगा, ते पटते.

आता ज्या ठिकाणी वर्ग सर्वांत ठळक होतो तिथे येऊ. ते म्हणजे टेंडर बंदर. काही ठिकाणी मोठ्या जहाजाला धक्का नसतो. ग्रँड केमन, सँटोरिनी, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे कान किंवा व्हिलफ्रांश इथे जहाज बाहेर नांगर टाकते आणि लहान बोटींनी माणसे किनाऱ्यावर नेतात. हर्णै, मालवण, वेंगुर्ल्याला पडाव करत असत तेच काम. माहितीपत्रकात बंदराचे नाव असते आणि 'सकाळी ८ ते संध्याकाळी ५' अशी वेळ असते. ही वेळ जहाजाची आहे, प्रवाशाची नाही.

हिशोब मांडून पाहा. समजा ३,००० माणसांना उतरायचे आहे. चार बोटी, प्रत्येकीत १०० जण. भरायला दहा मिनिटे, जायला दहा, उतरवायला दहा, परत यायला दहा, म्हणजे एका फेरीला चाळीस मिनिटे. तासाला ६०० माणसे होतात आणि सगळ्यांना उतरवायला पाच तास लागतात. आठला सुरुवात झाली तर पहिला माणूस आठ वाजून वीस मिनिटांनी किनाऱ्यावर असतो आणि शेवटचा एकच्या सुमारास. शेवटची परतीची बोट साडेचारची असली तर एकाला आठ तास मिळतात आणि दुसऱ्याला साडेतीन. त्यातून परतीच्या रांगेचा वेळ अजून वजा व्हायचा आहे. या बोटींतली पहिली जागा सूटवाल्यांना आणि जहाजाच्याच महागड्या किनारा-सहली घेतलेल्यांना देतात. समजा पहिला तास त्यांच्यासाठी राखला, तर साध्या कॅबिनवाल्याचा पहिला क्रमांक नऊला लागतो. बोटी वाढलेल्या नाहीत, फेऱ्या वाढलेल्या नाहीत. फक्त क्रम विकला आहे, आणि एकाला मिळालेला प्रत्येक मिनिट दुसऱ्याच्या दिवसातून गेला आहे.

प्रत्यक्षात सगळे एकदम उतरत नाहीत, म्हणून दहा-अकरानंतर रांग बहुधा ओसरते आणि क्रमांकाच्या चिठ्ठीशिवाय बोटीत बसता येते. ज्यांना घाई नाही अशा ज्येष्ठांना ही माहिती दिली तर त्यांचे दोन तास जिन्यात उभे राहण्याचे वाचतात. पण तुमचा ग्रुप असे करू शकत नाही, कारण तुम्ही किनाऱ्यावर साडेनऊची बस ठरवलेली असते. इथेच घोटाळा होतो. चाळीसजणांच्या ग्रुपमध्ये चौघांनी सूट घेतला, ते पहिल्या बोटीने उतरले आणि धक्क्यावर छत्तीसजणांची वाट पाहत उभे राहिले. त्यांनी पैसे मोजून घेतलेली सोय बसने रद्द केली, आणि मागच्यांना वाटते आपल्यामुळे खोळंबा झाला. दोघेही नाराज, आणि दोघांचे पैसे तुम्हीच घेतलेले. टेंडर बंदर असेल तर स्थानिक बस अकराच्या आधी ठरवू नका, किंवा जहाजाचीच किनारा-सहल अख्ख्या ग्रुपसाठी घ्या, म्हणजे सगळे एकाच क्रमात उतरतील. सँटोरिनीला जुन्या बंदरावर उतरल्यावर वर गावात जायला केबल कारची दुसरी रांग असते, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्याला हे मुंबईतच कळायला हवे. समुद्र खवळला तर टेंडर रद्द होतात आणि ते बंदर दुरूनच पाहावे लागते. अशा वेळी बंदराचे कर परत मिळू शकतात, सहलीचे भाडे नाही.

चढण्याच्या दिवशी क्रमाचा एवढा फरक पडत नाही. सूटवाल्यांना वेगळी रांग असते आणि सामान लवकर येते. ग्रुप एकाच बसने बंदरावर जातो, त्यामुळे वेगळ्या रांगेचा फायदा अर्ध्या तासाचा. सगळ्यांना सांगायचे ते इतकेच की सामान संध्याकाळपर्यंत कॅबिनवर पोचते, म्हणून रोजची औषधे, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

जेवणाची गोष्ट नाजूक आहे. मराठी कुटुंब क्रूझला जाते ते पुष्कळदा साठीच्या किंवा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने. मुले हौसेने आई-वडिलांना सूट घेऊन देतात आणि स्वतः साध्या कॅबिनमध्ये राहतात. मग पहिल्या संध्याकाळी कळते की सूटच्या उपाहारगृहात मुलांना आणि नातवंडांना प्रवेश नाही. आई-वडील एकटे तिथे बसणार नाहीत. ते खाली मोठ्या जेवणघरात येतात, आणि जिच्यासाठी पैसे भरले ती खोली आठवडाभर त्यांच्या उपयोगी पडत नाही. हे पुन्हा पुन्हा घडते, आणि ते टाळायला विक्रीच्या वेळचा एक प्रश्न पुरेसा आहे: 'तुम्ही सगळे एकत्र जेवणार का?' उत्तर हो असेल तर सगळ्यांना शेजारी मधल्या डेकवरच्या बाल्कनी द्या आणि उरलेल्या पैशांत एका संध्याकाळी विशेष उपाहारगृहात सगळ्यांचे टेबल आधीच आरक्षित करा. शाकाहारी आणि विशेषतः जैन जेवणाची मागणी प्रवासाच्या काही आठवडे आधी लेखी पाठवा, आणि जहाजावर पहिल्याच दिवशी मुख्य वेटरकडून ती नोंद झाल्याची खात्री करून घ्या. लहान खासगी उपाहारगृहाचा मेन्यूही लहान असतो. भारतीय पदार्थ मोठ्या जेवणघरात आणि बुफेत मिळण्याची शक्यता अधिक. तेव्हा महाग विभागात आपले जेवण अधिक चांगले मिळेल, असे गृहीत धरून विकू नका.

किमतीबद्दल कायद्याच्या भाषेतही बोलता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतल्या तेरा प्रकारांत 'ड्रिप प्रायसिंग' आहे, म्हणजे सुरुवातीला थोडी रक्कम दाखवून पुढे थेंबाथेंबाने ती वाढवत नेणे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून असाच कायदा लागू झाला आणि अमेरिकेतल्या मोठ्या क्रूझ कंपन्यांनी कर आणि बंदर शुल्क धरूनच दर दाखवायला सुरुवात केली. बक्षिशी मात्र तिथेही वेगळी राहिली. अमेरिकी जहाजांवर ती दर माणशी दर रात्री साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यावर पडते, सूटमध्ये त्याहून जास्त. १८ डॉलर धरले तर चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. माहितीपत्रकात याचा उल्लेख 'टिप्स वेगळ्या' अशा दोन शब्दांत असतो. रुपयांत आकडा लिहा. इंटरनेट उपकरणागणिक दर दिवसाचे असते, आणि पेयांचे पॅकेज घेतले तर त्याच कॅबिनमधल्या सर्व प्रौढांना ते घ्यावे लागते अशी अट सर्रास असते. न पिणाऱ्या आईला मुलासाठी पॅकेज घ्यावे लागते, हे चढल्यावर कळणे बरे नाही. बहामातल्या 'कोको के'सारख्या खासगी बेटावर किनारा फुकट असतो, पण चांगल्या बाजूचा बीच क्लब वेगळ्या पैशांचा असतो, हेही लिहा.

बक्षिशी कमी करून घ्यायचा सल्ला काही टूर मॅनेजर देतात. तो देऊ नका. ती रक्कम कॅबिन साफ करणारे, वेटर आणि पडद्याआडचे अनेक जण यांच्यात वाटली जाते, आणि त्यांत गोव्याचे तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारे आहेत, मुंबई-कोकणातली मुले आहेत. त्यांची राहण्याची जागा जलरेषेच्या आसपासच्या डेकवर, बहुतेकांना दोघांत एक कॅबिन. वर्गांची उतरंड बघायची तर ती जहाजाच्या तळापासून बघावी लागते. सूटचा प्रवासी आणि आतल्या कॅबिनचा प्रवासी यांच्यातल्या अंतरापेक्षा त्या दोघांचे आणि कॅबिन आवरणाऱ्याचे अंतर फार मोठे आहे.

आता ज्या गोष्टीत एक मिलिमीटरचाही फरक चालणार नाही ती. १९१२ मध्ये 'टायटॅनिक'वर सुमारे २,२०० माणसे होती आणि बोटींत जागा १,१७८. पहिल्या वर्गातले सुमारे ६२ टक्के प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातले सुमारे २५ टक्के. स्थलांतरितांना वेगळे ठेवण्याच्या अमेरिकी आरोग्यनियमांमुळे तिसऱ्या वर्गाच्या वाटा अडवलेल्या होत्या, बोटी वरच्या वर्गांच्या डेकवर होत्या, आणि वाट दाखवणारे फारसे कोणी नव्हते. त्यानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज जहाजावरच्या प्रत्येक माणसासाठी बोटीत किंवा तराफ्यात जागा आणि वर २५ टक्क्यांसाठी जादा तराफे असावे लागतात. जमण्याचे ठिकाण जहाजाच्या विभागांप्रमाणे ठरते आणि ते तुमच्या कार्डावर किंवा दाराच्या आत लिहिलेले असते. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिग्लिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्यावर नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकला की लिफ्टने जायचे नाही, जिन्याने आपल्या ठिकाणी जायचे. कुटुंब वेगवेगळ्या विभागांत राहत असेल तर त्याची ठिकाणेही वेगळी असू शकतात. नातवंडे आजीच्या सूटमध्ये झोपली असतील तर कोण कोणाला कुठे भेटणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यायला टूर मॅनेजरने सांगितले पाहिजे.

जहाज बुडत नाही, पण बंद पडते, तेव्हाही दारांचा प्रश्न येतो. १० फेब्रुवारी २०१३ ला मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिनखोलीत आग लागली आणि वीज गेली. जहाजावर चार हजारांवर माणसे होती. शौचालये बंद पडली, आतल्या कॅबिनांत काळोख आणि उकाडा झाला, लोकांनी गाद्या ओढत उघड्या डेकवर आणल्या. जहाज ओढून अमेरिकेतल्या मोबाइल नावाच्या बंदरात आणेपर्यंत १४ तारीख उजाडली. १ जुलै २०१० नंतर बांधणी सुरू झालेल्या मोठ्या जहाजांना असा प्रसंग आला तरी सर्वांना पाणी, शौचालय, उजेड आणि हवा मिळेल अशी सोय ठेवावी लागते. जहाज त्याआधीचे आहे की नंतरचे, हे बुकिंगच्या वेळी विचारा. २०२० मध्ये कोविडमुळे जपानच्या योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७११ माणसे अडकली, त्यांत १३८ भारतीय होते आणि त्यांपैकी १३२ कर्मचारी. बाल्कनीवाल्यांना निदान हवा होती. बिनखिडकीच्या कॅबिनवाल्यांना पाळीपाळीने डेकवर सोडावे लागले. या दोन प्रसंगांत कॅबिनचा प्रकार ही चैनीची गोष्ट उरली नव्हती. म्हणून प्रत्येक कंपनीला लेखी विचारा की वीज गेल्यास किंवा प्रवाशांना कॅबिनमध्ये थांबवावे लागल्यास सूटवाल्यांचा बंद डेक आणि लाउंज सगळ्यांसाठी उघडता येते का आणि त्याची पद्धत काय. कप्तानाला तो अधिकार आहेच. पण पद्धत आधीपासून लिहिलेली असेल तर दार उघडायला वेळ लागत नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन'ची सुरुवात झाली आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. म्हणजे पहिल्यांदाच जहाजावर चढणारी मराठी कुटुंबे तुमच्याकडे वाढत्या संख्येने येतील. त्यांच्यासाठी आम्ही मागतो तो एक कागद आहे, माहितीपत्रकाच्या आत घालायचा, एका पानाचा. त्यावर जहाजाचा डेक-आराखडा असावा आणि या कॅबिनच्या कार्डाने न उघडणारा भाग लाल रेघांनी भरलेला असावा. त्याखाली साध्या मराठीत असे काही लिहिलेले असावे: 'तुमची कॅबिन आतली, खिडकी नाही, नंबर प्रवासाआधी थोडे दिवस कळेल. सोळाव्या डेकचा पुढचा तलाव आणि तिथले उपाहारगृह तुम्हाला खुले नाही, मधला तलाव खुला आहे. तुमच्या सहलीत दोन बंदरे बोटीने उतरण्याची आहेत, तिथे सूटमधल्या प्रवाशांनंतर तुमचा क्रम लागेल, किनाऱ्यावर किमान इतके तास मिळतील असे धरा. बक्षिशी, बंदर शुल्क आणि कर मिळून माणशी इतके रुपये, ते वर लिहिलेल्या भाड्यात आहेत किंवा नाहीत.' सूट घेणाऱ्याच्या कागदावर तितक्याच स्पष्टपणे असावे की सोबतच्या साध्या कॅबिनमधल्या नातेवाइकांना त्याच्या विभागात नेता येणार नाही, आणि ग्रुपच्या बससोबत फिरताना पहिल्या बोटीचा उपयोग होणार नाही.

पहिला हप्ता घेताना या कागदावर प्रवाशाची सही घ्या आणि एक प्रत टूर मॅनेजरच्या फाइलला लावा. पुढच्या मे महिन्याच्या सहलींची पत्रके छपाईला जाण्यापूर्वी हे करता येईल. आराखडे, बंदरांच्या याद्या आणि दर तुमच्याकडे आहेतच. एखाद्या जहाजाचा नमुना कागद भरून हवा असेल तर तो आम्ही विनामूल्य करून देऊ.

कळावे,

आपले,
क्रूझ विक्री, ग्रुप बुकिंग आणि जहाजावरील सेवा या कामांतले काही जण
मुंबई, पुणे, मडगाव